दस्तरखान उठवणारं बटण

कंट्रोल नावाचं बटण कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात तळाला असतं, हे मला बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. त्या बटणामुळे चाळीस पिढ्या एका दमात नाहीशा होऊ शकतात, हे मात्र यंदा मार्चमध्ये कळलं, तेही गुरुवारी, रोजा चालू असताना.

सुरुवात एका पत्राने झाली. विभागीय कचेरीने कळवलं होतं की सगळ्या वाचनालयांच्या संगणकांवर नवा किरगीझ ब्राउझर बसवला आहे. त्यात कोणतं काम कोणत्या बटणांनी व्हावं हे ‘लोकांच्या सोयीनुसार’ ठरवावं, महिनाभर वापरून पाहावं आणि तपासणीच्या दिवशी शिक्क्यानिशी अहवाल द्यावा. सोबत सतरा कामांची यादी होती. नवं पान उघडणे, उघडलेलं पान बंद करणे, अक्षर मोठं करणे, छापणे, अशी. माउसला हात न लावता कंट्रोल दाबून धरायचं, एक अक्षर दाबायचं, की काम झालं.

आमचे संचालक केनेशबेक, ज्यांना आम्ही बाइके, म्हणजे थोरले भाऊ, म्हणतो, त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं. “सालकीन, हे तू कर. तू शांत आहेस.”

आमच्या वाचनालयात ‘शांत’ याचा अर्थ ‘नाही म्हणणार नाही अशी’ एवढाच आहे. तशी मी शांत आहे हे खरं. पाच वेळचा नमाज, सोमवारी आणि गुरुवारी रोजा, सकाळी शंभर मण्यांची माळ, आणि अकरा वर्षांपूर्वी देवाची शपथ घेऊन धरलेलं आणखी एक व्रत: आवाज चढवायचा नाही. या शेवटच्या व्रताचा एक तोटा असा की हळूहळू लोकांना माझा आवाज ऐकूच येईनासा झाला. मी बोलले की किटलीच कुजबुजली असं वाटून लोक किटलीकडे पाहतात.

मला वाटलं, सतरा कामं, सतरा बटणं. दुपारच्या नमाजानंतर बसले तर तिसऱ्या प्रहरच्या नमाजाआधी उरकेल. यादी घेऊन बसले आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. प्रत्येक काम आधीच कुठेतरी ठेवलेलं होतं. कुणीतरी, कुठल्यातरी देशात, माझ्यासारखंच खुर्चीवर बसून ठरवलं असणार की हे इथे असू दे, हे जरा लांब असू दे. मला उगीचच दबकायला झालं. अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरात शिरून मिठाचा डबा हलवायला सांगावं, तसं.

घरी नवऱ्याला, तोक्तोबायला, विचारलं. तो नूडल्सवरून डोकं वर न काढता म्हणाला, “आहे तसं ठेव.” पुढे त्याचं बरोबर निघालं. हे लिहिताना हात जड होतो, पण खोटं न लिहिणं हेही व्रतातच येतं.

शेजारच्या जिपारा एजेला विचारलं; एजे म्हणजे थोरली ताई. जिपारा एजे तीस वर्षं तारघरात होती, त्यामुळे बटण या विषयावर ती माझ्याशी नेहमी उभी राहून बोलते.

“घातक बटण हाताशी ठेवायचं नाही,” ती म्हणाली. “आमच्याकडे सगळी वीज तोडायचा खटका कपाटावर होता. स्टूल आणायचं, वर चढायचं, मग तोडायची. स्टूल सापडेपर्यंत माणसाचा राग जातो, बाई. मोठ्या साहेबाने एकदा वीज तोडून नोकरी सोडायचं ठरवलं होतं. स्टूल शोधता शोधता निवृत्त झाला.”

हे मी वहीत लिहून घेतलं. तेवढंच केलं असतं तरी पुरे होतं. पण केनेशबेक बाइकेंनी पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि ‘लोकांच्या सोयीनुसार’ या शब्दांवर बोट ठेवलं. “म्हणजे लोक जमवायला हवेत. सभा. इतिवृत्त. सह्या.” आता आमच्या गावात सभेला पांढऱ्या दाढीची माणसं आली की मेंढरू कापावं लागतं, नुसत्या चहावर वडीलधाऱ्यांना उठवून लावता येत नाही. अशा रीतीने पान बंद करायचं बटण ठरवण्यासाठी एक मेंढरू गेलं. त्याच्यासाठी मी त्या दिवशी माळेचे अकरा मणी जास्त ओढले.

पांढऱ्या दाढीला आमच्याकडे अक्सकाल म्हणतात; सभेत सगळ्यात मोठे होते सुयुनाली अक्सकाल. वय ब्याऐंशी. त्यांची ओळख आधी करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आलं. शरद ऋतूपासून ते रोज सकाळी यायचे, तीन नंबरच्या संगणकावर बसायचे आणि वंशांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका संकेतस्थळाच्या पानावर आपली वंशावळ लिहायचे. आमच्यात सात बाप, म्हणजे मागच्या सात पिढ्या, तोंडपाठ नसलेल्या माणसाला कुणी मुलगी देत नाही. सुयुनाली अक्सकालांना स्वतःला धरून चाळीस पाठ होत्या. कोण कुठल्या कुरणात राहिला, कुणाचा घोडा कुठल्या रंगाचा, कोण नदीत गेला, सगळं. त्यांच्यानंतर हे सांगणारं कुणी नव्हतं; धाकटा भाऊ गेल्या हिवाळ्यात गेला. उजव्या हाताच्या एका बोटाने ते एकेक अक्षर टिपत. डावा हात काठीवर ठेवावा तसा कीबोर्डच्या कोपऱ्यावर विसावलेला असे.

आणि पान ते पाठवत नव्हते. “अर्धी वंशावळ दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, पोरी,” ते म्हणत. “पुरी झाली की देऊ.” म्हणून पाच महिन्यांची ती सगळी माणसं त्या एका उघड्या पानावर उभी होती. तीन नंबरचा संगणक कधी बंद केला जात नसे. रोज संध्याकाळी मी त्याच्यावर विणलेला रुमाल घालायचे आणि ‘झोपला आहे, उठवू नये’ अशी चिठ्ठी लावायचे.

जिपारा एजे त्यांच्या खांद्यावरून वाचायची. “इतके बाप झाले, अक्सकाल, पण आई एकही नाही! तुम्ही लोक दगडातून उगवलात की काय?”

“आया घरात असतात, जिपारा. वंशावळीत नाही.”

“हो, घरात. चुलीपाशी. तुमची हाडं उकडत.”

तर सभा. तीन तास कुणाचं कुणाशी पटेना. पशुवैद्याला छापण्याचं बटण बोटाखाली हवं होतं, भूगोलाच्या मास्तरांना तेच बटण अक्षर मोठं करायला हवं होतं, मधमाश्यापालनवाल्या बाईंना कंट्रोल हेच नको होतं. इतक्यात मांस आलं आणि सगळे एकदम गप्प झाले. ज्याने त्याने आपलं हाड घेतलं. उस्तुकान, म्हणजे ज्याच्या त्याच्या मानाचं हाड, वाटण्यात कधी भांडण होत नाही: वयाने कोण मोठा, कुणाला मांडीचं हाड, कुणाला डोकं, हे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. जिपारा एजेला शेपटाकडचं हाड मिळालं, कारण बायकांत ती मोठी. तिने ते असं धरलं की जणू तारघराची किल्ली.

केनेशबेक बाइकेंचे डोळे चमकले. “अरे, मग बटणंही अशीच वाटू या! वयाप्रमाणे!”

आता हसू येतं, पण त्या क्षणी आम्हा सगळ्यांना हे इतकं स्वच्छ दिसलं की तीन तास कशाला घालवले असं वाटलं. जगात दुसरीकडे कुठे अशी चूक झाली नसेल. दुसरीकडे इतकं नीट वाटायला येतच नसेल.

“अक्सकाल, पहिला वाटा तुमचा. सतरांतलं कुठलं काम हवं?”

सुयुनाली अक्सकालांनी यादी वाचून घेतली. “सगळं बंद करणे,” ते म्हणाले. “जेवण झालं की आशीर्वाद कोण देतं? वयाने मोठा. तो हात उघडतो, ओमीन म्हणतो, तोंडावरून हात फिरवतो आणि दस्तरखान, जेवणाची चादर, उठतं. त्याच्याआधी कुणी उठत नाही. मग सगळं बंद करणं माझंच.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. “आणि जागा?” बाइकेंनी विचारलं. “मानाची जागा पाहिजे.”

“हे काय आहे सगळ्यात रुंद?” अक्सकालांनी स्पेसबारवर बोट ठेवलं. “मधोमध. तंबूत थोराची असते तशी, दाराच्या अगदी समोर. ही जागा.”

कंट्रोल आणि स्पेसबार. एकदा दाबलं की सगळी पानं, सगळा ब्राउझर बंद. मला जिपारा एजेचं कपाट आठवलं. “बाइके,” मी म्हटलं, “प्रत्येक शब्दानंतर माणूस तेच बटण...”

लोकांनी किटलीकडे पाहिलं. कुणीतरी मला चहा ओतला. आणि खरं सांगायचं तर थोरांच्या वाट्यात खोट काढणं ही काही रीत नव्हे, म्हणून मी चहा प्यायले.

वाटत वाटत शेवटी एकच काम उरलं: चुकून बंद झालेलं परत आणणे. ते कुणालाच नको होतं. “आशीर्वाद झाल्यावर परत कोण बसतं?” पशुवैद्य म्हणाला. “अपशकुन.” शेवटी राहिलेलं हाड वाढणारीकडे येतं, तसं ते माझ्याकडे आलं. त्याची बटणं बदलायचीही कुणी तसदी घेतली नाही. पूर्वीपासून होती तीच राहिली: कंट्रोल, शिफ्ट आणि एक अक्षर. एकाच वेळी तीन बोटं, तीही वाकडी. मी आभार मानले. खाली पाहूनच मानले, कारण थोडं लागलं होतं.

पुढच्या महिन्याचं फार लिहीत नाही. छापण्याचं बटण पशुवैद्याला बोटाखाली मिळालं, आणि पान खाली सरकवू पाहणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच पानावरचं राजधानीचं हवामान छापलं. एकसष्ट प्रती. कागद संपला. कागद मागायला कचेरीचा छापील अर्ज भरावा लागतो. तो छापायला कागद नव्हता. केनेशबेक बाइकेंनी तो अर्ज हवामानाच्या पाठीवर छापून पाठवला, तर कचेरीने ‘पुढे-मागे दोन्ही बाजूंना मजकूर असल्याने अपात्र’ असा शेरा मारून परत केला. शेऱ्याखाली एक सही होती आणि उद्या ढगाळ वातावरण राहील असं होतं.

तीन नंबरच्या संगणकावर मात्र मी यातलं काही लावलं नव्हतं. भीतीने. रुमाल घालताना मी मनात म्हणायचे, तू झोप.

तपासणीच्या गुरुवारी सकाळी केनेशबेक बाइके तिथे येऊन थांबले. “यावर नवी बटणं नाहीत? अक्सकालांच्या संगणकावर अक्सकालांचाच मान नाही? तपासणीला येणाऱ्या कचेरीच्या बाई काय म्हणतील?”

“बाइके, तिथे त्यांची वंशावळ...”

“आजच पुरी होते आहे म्हणे! मग तर हवंच.”

मी माझ्या हातांनी लावलं. दुसऱ्या कुणी लावलं असतं तर हे लिहायला मला सोपं गेलं असतं.

कचेरीच्या बाई आल्या, चहा झाला, सगळे तीन नंबरभोवती जमले, कारण सुयुनाली अक्सकाल शेवटचं नाव लिहीत होते. एकोणचाळीस झाले होते, चाळिसावे ते स्वतः. पांढरी उंच टोपी घालून आले होते. एकेक अक्षर टिपलं, नाव पुरं झालं. पुढे जन्माचं कुरण लिहायचं होतं. डावा हात नेहमीसारखा कोपऱ्यावर, म्हातारा हात; नाव पुरं झालं तसा तो जड होऊन कंट्रोलवर दबला. उजव्या बोटाने स्पेसबार दाबून जागा सोडली.

पडद्यावर तळं आलं. निळं, मागे बर्फाचे डोंगर. संगणकाच्या पडद्यावर मुळात असतं ते चित्र.

“सोन-कोल,” अक्सकाल म्हणाले. “मी इथे मेंढ्या नेल्या आहेत.” आणि मग हळू आवाजात, “बाकीचे कुठे गेले?”

नुकताच आशीर्वाद झाल्यासारखे सगळे उभे होते. अक्सकालांनी दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवले आणि तसेच बसून राहिले, शब्द विसरल्यासारखे. ब्याऐंशी वर्षांचा माणूस पुन्हा पाच महिने मागायला कुठे जाणार?

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. पशुवैद्य म्हणाला, मशीन तापलंय, खिडकी उघडा. मास्तर म्हणाले, उलटं करून हलवा. कचेरीच्या बाई म्हणाल्या, नियमाप्रमाणे हरवल्याचा अर्ज करा. जिपारा एजे ओरडली, “कुणी हात लावू नका रे!” मी म्हणत होते, “माझा वाटा, माझ्या वाट्याचं बटण आहे...” कुणाला ऐकू येणार? केनेशबेक बाइके टेबलाखाली वाकले. “तार काढून परत लावतो, माझा टीव्ही असाच सुधारतो...”

“हात काढा!”

हा आवाज माझा होता, हे मला नंतर कळलं. खिडकीवरची कबुतरं उडाली. बाइके दचकून मागे बसले ते कचेरीच्या बाईंच्या पिशवीवर. त्यात काहीतरी मोडलं. अकरा वर्षं सांभाळलेलं व्रत तिथेच मोडलं, पिशवीतल्या त्या वस्तूसोबत. मी खुर्चीत बसले. ब्राउझर उघडला: कोरं पान. बिस्मिल्ला म्हटलं. कंट्रोल, शिफ्ट, अक्षर. तीन वाकडी बोटं.

काहीच झालं नाही.

मग वरून पहिलं नाव आलं. मग खालचं, मग सगळेच. घोडे, कुरणं, नदीत गेलेला. मी कुठे कुठे गेलेली बाई नाही. पण एकदा पहाटे खिंडीत धुकं सरताना एकेक तंबू दिसत गेला होता, ते पाहिलं आहे. हे तसं होतं, फक्त हे माझ्या तीन बोटांखाली होत होतं. मला उठता येईना. वाटलं, कुणीतरी, केव्हातरी, आम्हाला न पाहता, हा विचार करून ठेवला आहे की माणूस चुकेल. चुकणारच. तेव्हा त्याला परत यायला एक वाट असू दे. रोज शंभर मणी ओढून मी जे मागते, ते कुणीतरी कीबोर्डमध्ये ठेवलं होतं, आणि आम्ही ते उरलेलं हाड म्हणून टाकून दिलं होतं.

अक्सकाल बोटाने मोजत खाली आले. “एकोणचाळीस,” ते म्हणाले. “मी नाही यात.”

खरंच नव्हते. अगदी शेवटी टिपलेलं तेवढं आलं नव्हतं. जिपारा एजेने नाक पुसलं आणि म्हणाली, “बरंच झालं. आता स्वतःला परत जन्माला घाला, अक्सकाल. या खेपेला आईसकट.”

आधी कचेरीच्या बाई हसल्या, मग सगळेच. अक्सकाल हसले नाहीत. त्यांनी आपलं नाव टिपलं. मग बोट उचलून मागे वळले.

“जिपारा, बाईचं नाव कुठे लिहितात?”

“शेजारी,” जिपारा एजे म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी लिहिलं: ‘आई, बातमा.’ जागा सोडायची वेळ आली तेव्हा डावा हात कोपऱ्यावरून उचलला, मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळले. “पोरी, माझा मान इथून हलव. ते जिपाराचं कपाट आहे ना, त्याच्यावर ठेव.”

सगळं बंद करण्याचं काम मी चार बटणांवर नेऊन ठेवलं. ते करायला आता दोन माणसं लागतात. त्या दुपारी त्यांनी वंशावळ पाठवली; पाठवायचं बटण दाबताना सगळ्यांना बसायला लावलं.

शपथ मोडली की दहा गरजूंना जेवू घालावं लागतं. गरजूंची यादी केली तर केनेशबेक बाइकेंनी पहिलं नाव स्वतःचं घातलं. कारण म्हणून ‘मानसिक’ असं लिहिलं. ते खोडून मी खरोखरचे दहा शोधले. सुयुनाली अक्सकाल अकरावे, आशीर्वादासाठी. वाटताना त्यांनी मांडीचं हाड उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं. मी खाली पाहिलं, पण या वेळी निराळ्या कारणाने.

त्याच दिवशी कचेरीचं उत्तर आलं होतं. सूचनांबद्दल आभार, तथापि बटणांची मूळ मांडणी कायम राहील, वाचनालयांना पाठवलेलं पत्र चुकून पाठवलं गेलं होतं. तोक्तोबायने ते ऐकलं. नुसता जेवत राहिला, मोठ्याने.

जेवण झालं. अक्सकालांनी हात उघडले, आशीर्वाद दिला, ओमीन झालं, आम्ही उठलो. आणि ते परत बसले. आमच्या गावात हे कुणी पाहिलेलं नाही. आम्ही अर्धे उभे, अर्धे वाकलेले, तसेच राहिलो.

“ते परत आणायचं बटण,” ते म्हणाले, “ते ज्याने ठेवलं, तो कुणाचा? त्याचे सात बाप कोण?”

“माहीत नाही, अक्सकाल,” मी म्हटलं. “मी पाचही नमाजांत त्याच्यासाठी मागते. नाव घेता येत नाही, म्हणून ‘तो जो कोण असेल तो’ असं म्हणते.”

या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. कुणीही किटलीकडे पाहिलं नाही.

अक्सकालांनी दाढीवरून हात फिरवला.

“बापांचं राहू दे,” ते म्हणाले. “त्याची आई चांगली असणार.”